सुटकेचं ताट

"अडलाय कोण, ता आधी सांगा," असं म्हणत आत्या पदराला हात पुसत बाहेर यायची. दारात कोण आलंय, हे ती विचारतच नसे.

ती साऱ्या वाडीची आत्या. पालीजवळच्या त्या वाडीत मी शाळेत शिकवायला होते, तेव्हा आमची घरं शेजारी होती. ती जाऊन आता बरेच दिवस झाले. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक असलेलं माणूस तुमच्याही शेजारी असेल. आत्याचं औषध म्हणजे चक्रव्यूह. बाळंतीण अडली की काशाच्या ताटात ओल्या कुंकवानं तो काढायचा. अडलेलीनं मधल्या घरात बोट ठेवायचं आणि फिरवत फिरवत तोंडातून बाहेर काढायचं. की बाळही वाट धरतं, अशी तिची खात्री.

काढायची रीत तिनं मला शिकवली. मध्ये अधिकची खूण. तिच्या चार खणांत चार कोन, चार कोपऱ्यांत चार टिंबं. मग अधिकचं वरचं टोक उजव्या कोनाच्या टोकाला कमानीनं जोडायचं. पुढे डावीकडचं एक टोक, उजवीकडचं एक टोक, अशा कमानीवर कमानी. "ह्यो भुलभुलैया नाय," ती बजावायची. "वाट एकच हाय. चुकायचा म्हटलात तरी चुकणार नाय."

मी चुकायचेच. माझ्या चक्रव्यूहाला तोंडच उरायचं नाही. आत्या तो निरखून म्हणायची, "बाई, ह्यातला पोर आतच म्हातारा व्हायचा."

पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली आणि ताटाला कुणी विचारेना. पण आत्या हार मानणारी नव्हती. कपाटाचं कुलूप अडलं, काढ ताट. एसटी रस्त्यात बंद पडली, दे ड्रायव्हरच्या हातात ताट. एकदा शेजारची म्हैस अडली. म्हशीला बोट कुठलं? म्हणून ताट तिच्या तोंडापुढे धरलं, तर तिनं अख्खा चक्रव्यूह चाटून साफ केला आणि लगेच व्याली.

"आडवाटेनं गेली गो," आत्या नाराज होऊन म्हणाली. रेडकाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

मग तिची भाची अडली. आईवेगळ्या ह्या पोरीला आत्यानंच वाढवून ठाण्याला दिलं होतं. पहिल्या खेपेला तिचं मूल रडलंच नव्हतं. त्या धास्तीनं आत्याला ह्या खेपेला घास गोड लागत नव्हता. दुपारी जावयाचा फोन आला, तशी ती ताट घेऊन माझ्या पडवीत हजर. "बाई, तुमच्या फोनात तिला ताट दाखवा."

मी व्हिडिओ कॉल लावून फोन ताटावर धरला. तिकडे भाची पडद्यावर बोट फिरवू लागली. आता चक्रव्यूहाचं तोंड खाली, आणि फोन बंद करायचं लाल बटणही खालीच. बिचारी कण्हत सगळे फेरे घेऊन तोंडाशी आली की फोन बंद. परत लावला, परत बंद.

"दार कोणी लावलान गो?" आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. ताट उलटं फिरवावं, हे आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

शेवटी ती फोनमध्ये ओरडली, "तू नुसती बघ. बोट माझा!" आणि खाली मान घालून तिनं स्वतःच वाट धरली. ती अर्ध्यावर असतानाच तिकडे एकच गलका झाला. जावई ओरडला, "आत्या, मुलगी!"

"थांबा. अजून दोन फेरे हायेत," आत्या म्हणाली. तिनं ते पुरे केले. मान वर केली तेव्हा रेंज गेली होती.

"रडली?" तिनं विचारलं.

"रडली. मी ऐकलं."

तिनं डोळे पुसले. "नाक कसा हाय?"

मला दिसलं होतं टॉवेलाचं टोक आणि एक लालबुंद पाऊल. पण तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. मी नाक सांगितलं, कान सांगितले, जावळ सांगितलं. हनुवटीला एक खळीही माझ्या पदरची घातली.

आठवड्यानं ठाण्याला पोचल्यावर तिचा फोन आला.

"बाई, ती खळी सापडली," आत्या म्हणाली. "जरा शोधायला लागली."