हार्लनचा घासलेला सेंट

तांब्याचं जुनं नाणं घासायचं नसतं. लँकेस्टरच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात कालच्या सभासदालाही हे ठाऊक होतं. दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग एकदा गेला की गेलाच. आणि डोरीननं, नाणेवेड्या नवऱ्याच्या घरात उभा जन्म काढलेल्या बाईनं, त्याचा १७९४ चा मोठा सेंट, ते जुनं अमेरिकी नाणं, भांड्यांच्या पावडरीनं लख्ख घासून ठेवला होता!

लॅविनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोरीनचा नवरा हार्लन हा तिचा धाकटा भाऊ. दोघांकडे एकाच ठशातून पाडलेला सेंट होता, मागच्या बाजूला कोरलेल्या पानांमधून गेलेली बारीक चीरसुद्धा तीच. दर हिवाळ्यात मंडळाचे लोक एका ठशाची नाणी शेजारी शेजारी मांडत आणि त्यातलं सरस कोणतं ते ठरवत. हार्लन दरवर्षी बहिणीकडून हरायचा आणि दरवर्षी तोच सेंट घेऊन यायचा. मार्चमध्ये तो गेला. यंदा त्याच्या नावानं ते नाणं मांडायचं, एवढंच लॅविनानं धरून ठेवलं होतं.

"अगं, काय करून ठेवलंस हे? इतकी वर्षं डोळे मिटून बसली होतीस का?"

"ओरडू नकोस माझ्यावर!" डोरीनही भडकली. "कधी हात लावू दिलात मला? तुम्ही भाऊबहीण भिंगात डोकी घालून बसणार आणि मी आपली केक कापणार! शेवटी शेवटी म्हणत होता, 'एकदा तरी ताईला हरवायचं होतं गं.' तो सेंट तर काळाठिक्कर. म्हटलं, चकचकीत दिसला तर जिंकेल बिचारा."

लॅविनाला याचाही संतापच आला. असल्या मायेवर धड ओरडताही येत नाही.

तरी तिनं तो मंडळात मांडायला नेला. मंडळाचे अध्यक्ष योडर भिंगही न उचलता हसले. "बाई, हा दरवाजाच्या कडीला लावा. इथं नाणी मांडतात."

केकची थाळी घेऊन उभ्या असलेल्या डोरीनचा चेहरा पडला.

"कड बघा," लॅविना कडाडली.

"कडेला काय बघायचंय?"

"बघा म्हणते ना!"

डोरीननं दोन्ही बाजू घासल्या होत्या, कड राहिली होती. कोरलेल्या अक्षरांसकट ती अजून गडद तपकिरी होती. मंडळात नाणं कडेनंच धरतात. हार्लनची बोटं आयुष्यभर तेवढ्याच जागी लागली होती.

योडरांचं हसू मावळलं, पण हेका सुटला नाही. "ठीक आहे. तुमचा काढा, लावू शेजारी."

लॅविनाचा हात पर्समध्ये गेला. कापडी पिशवीतला स्वतःचा सेंट बोटांना लागला.

"मी आणला नाही," ती म्हणाली. "आणखी कोणाकडे आहे का या ठशाचा? नाही ना? मग लिहा हार्लनचं नाव."