बारा पाण्यांच्या बाटल्या

रुपराव बाटल्या धुवायचा. यात काय सांगण्यासारखं, असं म्हणाल. पण नागपुरातल्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांत कॅन्सरच्या पेशी वाढवायचे, आणि त्या पेशींचा नखरा असा, की साबणाचा जरासा अंश राहिला तरी जीव सोडायच्या. म्हणून साबणानंतर बारा पाणी. सात नळाची, पाच डिस्टिल. पंधरा वर्षं पाणी मोजता मोजता त्याची तंद्री लागायची. पोषक द्रवाच्या गुलाबी पाण्यात वाढणाऱ्या त्या पेशी त्याला कुठल्याशा परक्या गावच्या माणसांसारख्या वाटायच्या.

एकोणऐंशी साली त्याच्या बायकोच्या, गोपिकाच्या, छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली. गोपिकाने घाबरून हायच खाल्ली. तिच्या माहेरी, बेसा गावात, शेताच्या बांधावर एक वेल होती, तिची आई ती गाठींवर लावायची. आधी त्या वेलीची परीक्षा घ्या, असा तिचा हट्ट. रुपरावने वेल शोभाताईंना, प्रयोगशाळेच्या बाईंना, नेऊन दिली. बाईंनी अर्क काढून काही बाटल्यांतल्या पेशींवर टाकला, काही बाटल्या तुलनेसाठी बिनअर्काच्या ठेवल्या. तीन दिवसांनी अर्काच्या बाटल्यांतल्या सगळ्या पेशी मेलेल्या, बाकीच्या जिवंत!

रुपराव तरंगतच घरी गेला. गोपिकाने तारीख मोडली आणि वेलीचा काढा सुरू केला. त्याला स्वप्नं पडू लागली: वेल सीताबर्डीच्या टेकडीवर चढतेय, घराघराच्या खिडक्यांतून आत येतेय, माणसं उठून चालू लागताहेत. काय गोड दिवस होते ते!

आठव्या दिवशी बाटल्या धुताना सातव्या पाण्याला त्याचा हात थबकला. ज्या बाटल्यांत पुढे अर्क टाकला, त्या त्याने धुतल्या तो दिवस गोपिकाच्या तपासणीचा. सात पाणी देऊन तो दवाखान्यात पळाला होता. उरलेली पाच दिलीच नव्हती. बिनअर्काच्या बाटल्या मात्र कपाटातल्या, आधीच नीट धुतलेल्या.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण त्याने बाईंना सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, पुन्हा करू म्हणाल्या. त्याने मोजून बारा पाणी दिली. चौथ्या दिवशी अर्काच्या बाटलीतलं गुलाबी पाणी पिवळं पडलं होतं. म्हणजे पेशी खाऊनपिऊन मजेत वाढत होत्या. त्याला त्या पेशींचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

घरी गोपिका चुलीवर काढा उकळत होती. तो तिच्याजवळ बसला.

"वेलीनं नाही मारलं वं. माह्या साबणानं मारलं. बाटल्या नीट धुतल्याच नाही मी."

गोपिकाने भांडं उतरवून ते मोरीत ओतलं.

"तारीख पुन्हा मागून आणा," ती म्हणाली. "मले लय भेव वाटून राहिलं. तुमी आपरेशनच्या खोलीच्या दारातच उभे राहा, बस."

रुपराव हो म्हणाला, आणि तिच्यादेखत ढसाढसा रडला.