पाचवं शील आणि जागरणाच्या गोळ्या

१९९७ चा ऑगस्ट, दुसरा रविवार. रक्कम तीनशे रुपये. हजर आई, मी, धाकटा भाऊ आणि बहीण, पेणकरपाड्याच्या आमच्या खोलीत.

भाऊ हाटकेशच्या कारखान्यांचा माल टेम्पोने सुरतेला न्यायचा. झोप लागू नये म्हणून ढाब्यावर मिळणाऱ्या गोळ्या खायचा. आता गोळीशिवाय त्याला स्टिअरिंग धरवत नव्हतं.

"दादा, व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरची फी तीनशे आहे. देतोस का?" त्याने विचारलं.

"फी कशाला? विहारात सगळ्यांसमोर पाचवं शील घे. मादक पदार्थ घेणार नाही म्हण, सुटेल."

त्याच दिवशी विहारात बुद्धवंदना झाल्यावर मी त्याला एकट्याला उभं केलं. त्याने शील शब्द न शब्द म्हटलं. आईच्या कनवटीला मिश्रीची डबी होती, माझ्या खिशात तंबाखूची पुडी. ही दोन्ही आम्ही मादक पदार्थांत धरतच नव्हतो.

आठवड्यात त्याच्या शर्टात गोळ्या सापडल्या. मी त्याला भरल्या ताटावरून उठवलं. "बुद्धासमोर खोटं बोललास!"

"खोटं नव्हतो बोलत, दादा," एवढंच म्हणून तो खाली गेला.

बहीण एम.एस्सी.ला होती, मेंदूविषयी शिकत होती. ती भडकली. "त्या गोळ्यांनी मेंदूच्या पेशींतली काही जनुकं जोरात कामाला लागतात, काही मंदावतात. गोळी उतरते, पण हा फेरफार मागे राहतो. उंदरांत तसं दिसलंय, माणसाचं अजून शोधतायत. आणि प्रत्येक पदार्थाची तऱ्हा वेगळी. कोकेनची वेगळी, त्याच्या गोळ्यांची वेगळी, तुझ्या तंबाखूची वेगळी."

"म्हणजे तो खरं बोलत होता?"

"शील म्हणताना अगदी खरं. तू एवढा शीलवान ना? बुधवारपर्यंत पुडी सोडून दाखव."

सोमवारी दुपारी मी जिन्याखाली लपून चुना लावून तंबाखू मळत होतो. भाऊ वर येत होता. त्याने माझ्या तळव्याकडे पाहिलं आणि बाजूने निघून गेला. चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं. विहारात मी त्याला जिथे उभं केलं होतं, ती जागा माझी होती.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कोण?" भावाने मान खाली घातली. मी पुडी काढून टेबलावर ठेवली.

शेवटी दिले सहाशे रुपये. तीनशे भावाचे, तीनशे माझे, त्याच डॉक्टरांना.