फाटकाला सील लागलं तो दिवस

साखर कारखान्याने आपल्या डिस्टिलरीचं मळीमिश्रित पाणी ओढ्यातून कृष्णेत सोडलं आणि एका सकाळी आमच्या डोहातले मासे पोटं वर करून तरंगू लागले. माझे यजमान भोई, जाळ्यावरच आमचं घर चालायचं. मेलेल्या माशांची पाटी घेऊन ते कारखान्याच्या फाटकावर गेले. मॅनेजरने पाटी पायाने उलथवली आणि सगळे मासे त्यांनाच हातांनी गोळा करायला लावले. घरी येऊन त्यांनी जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. मी मात्र ठरवलं, त्या मॅनेजरला सोडायचं नाही.

मिरजेच्या वकीलबाई म्हणाल्या, "राग कोर्टात चालत नाही. पाणी सोडताना पकडा आणि प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यासमोर नमुना घ्या."

मग रोज पहाटे मी धुणं घेऊन ओढ्याकाठी बसायचे. पाणी तांबडं दिसलं त्या दिवशी अधिकाऱ्याला फोन केला आणि तो येईपर्यंत जागची हलले नाही. पंचनाम्यावर पहिली सही माझी होती. पुढे हरित लवादात तारखा पडत गेल्या. मी एकही चुकवली नाही.

अखेर डिस्टिलरी बंद करायचा हुकूम निघाला. सील लावताना मी फाटकावर सगळ्यांत पुढे उभी होते.

मॅनेजर म्हणाला, "बाई, झालं आता समाधान?"

"न्हाई," मी म्हटलं. "वढा साफ करून द्यायचा हुकूम बी हाय. तवा बी मी हितंच उभी ऱ्हाणार."

लोक मला नदीसाठी लढलेली बाई म्हणतात. खरं सांगते, मी त्या मॅनेजरचं पडलेलं तोंड बघायला लढले, आणि ते डोळे भरून बघितलं.