कार्ड कुणी काढलं?

नवं यंत्र कुठलंही येवो, माहितीपत्रक बाजूला सारून तो म्हणायचा, "चालवून बघू की, राव." असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. तो तुम्हाला आवडत असेल, तर तुम्ही माझ्यापेक्षा भले. मला तो अजिबात आवडायचा नाही.

चाकणच्या कारखान्यात आम्ही दोघं नेटवर्क सांभाळायचो. मी पदवीधर इंजिनिअर. तो तिथल्याच गावचा, आयटीआय करून लागलेला. तरी साहेब दारात आले की त्यांची नजर आधी त्यालाच शोधायची आणि माझा तिळपापड व्हायचा.

चिंचवडच्या डिझाइन ऑफिसातून सुट्या भागांची ड्रॉइंग व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी वाटेनं यायची. वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत, म्हणून ती एन्क्रिप्ट होऊन यायची. लाइन वेगवान, पण आमच्या टोकाला ती उलगडणारं यंत्र, म्हणजे फायरवॉल, जुनी; एक फाइल येईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. नवी फायरवॉल निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत त्यात एन्क्रिप्शनसाठी वेगळं, महागडं कार्ड बसवून घेतलं. वेग जेमतेम वाढला.

"कार्ड काढून बघू की, राव," तो म्हणाला.

"अरे, वेगासाठीच तर घेतलंय ते!"

"व्हय, पर नव्या प्रोसेसरमधी एन्क्रिप्शनची सोय हायच की. डेटा कार्डापर्यंत जाऊन माघारी येतोय, त्यातच टाइम जात आसंल."

कार्ड काढलं, सेटिंग बदललं, आणि फाइली झरझर येऊ लागल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं.

साहेबांनी विचारलं, "कार्ड काढायचं कुणाला सुचलं?"

"मला," मी म्हणालो.

तो शेजारीच उभा होता. मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं.

"व्हय साहेब, त्यांनाच," तो म्हणाला आणि कामाला लागला.

बढती मला मिळाली. पुढे तो दुसऱ्या कंपनीत गेला. निरोपाच्या दिवशी वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळे त्याच्याभोवती होते. तेव्हाही मी जळतच होतो.

यंदा आणखी मोठी फायरवॉल घ्यायची आहे. साहेब म्हणाले, "तुम्हीच निवडा. मागच्या वेळी तुम्हीच बरोबर ओळखलंत." तीन दिवस मी कोटेशनं चाळत बसलोय. कुठल्या यंत्राला वेगळं कार्ड लागतं आणि कुठल्याला नाही, मला ठरवता येत नाही.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. विचारलं तर तो सांगेलही. स्वतःला काही कळलं नाही की तो कुणालाही बिनदिक्कत म्हणायचा, "समजलं न्हाई, परत सांगा." त्याच्या हुशारीपेक्षा मला याचाच जास्त हेवा वाटतो. मी फोन उचलतो, त्याचं नाव शोधतो आणि फोन खाली ठेवतो.