आमच्या वर्गातला इस्त्री

कॅमेऱ्याआधी तो पिशवीतून इस्त्री बाहेर काढायचा. फोटो कुणाचाही असो, अंगावरचा कपडा स्वतःच्या हाताने इस्त्री केल्याशिवाय त्याने कधी बटण दाबले नाही. जबलपूरच्या आमच्या कला महाविद्यालयात त्याचे नाव म्हणूनच ‘इस्त्री’ पडले. मुले ते ‘स्त्री’ या अर्थानेही म्हणत आणि हसत. तो चिडत नसे. म्हणायचा, “दोन्ही चालते भैया. कोनतं म्हणून राहिला, तेवढं सांग.”

वडील कारखान्यात कामाला, घराणे मूळ भंडाऱ्याकडचे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने आम्हाला एकच अट घातली : घरातला जो कपडा आपला नाही, पण कधीतरी घालून पाहावासा वाटला, तो आणायचा. पनागरच्या एका वर्गमित्राने बहिणीचा लेहंगा आणला. मी बाबांचा सफारी सूट आणला.

“काहून आखडून राहिली? हात खिशात घाल,” तो म्हणाला. “तुझ्या कुर्त्याला खिसे नसतील, याले आहेत.”

मी हात खिशात घातले. माझे मन मुलींकडे जाते, हे तोवर मी स्वतःशीही बोलले नव्हते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर जी उभी होती, तिला ते ठाऊक असावे असे दिसत होते. मी फोटो दोनदा पाहिला आणि कपडे बदलायला गेले.

परवानगी तो दोनदा मागायचा. “काढताना हो म्हटलं ते काढण्यापुरतं. भिंतीवर लावायचं वेगळं विचारतो.” मी दोन्ही वेळा हो म्हटले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आईने सांगितले, शहरातल्याच गोरखपूर भागातले काका प्रदर्शन बघायला येणार आहेत. याच काकांनी एका मैत्रिणीशी फार जवळीक आहे म्हणून माझ्या चुलत बहिणीचे कॉलेज बंद केले होते. सकाळी लवकर जाऊन मी इस्त्रीला म्हटले, माझा भिंतीवरून काढ. त्याने कारण विचारले नाही. फोटो उतरवला, खिळा तसाच ठेवला. रिकाम्या जागेबद्दल कुणी विचारले की तो म्हणायचा, “ते येऊन राहिलं आहे.”

दुपारी विभागप्रमुखांनी त्याचा स्वतःचा फोटो भिंतीवरून उतरवायला सांगितला. त्यात तो आईची जांभळी साडी नेसून बसला होता.

“सर, दुसऱ्या कोणाचा असता तर त्याला विचारलं असतं,” तो म्हणाला. “हा माझा आहे. मी मला विचारलं, मी हो म्हणालो.”

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

संध्याकाळी त्याचे वडील ड्युटीवरून थेट आले, कारखान्याच्या गणवेशातच. त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि निघून गेले. इस्त्री खुर्चीवर बसला तो उठेना. तासाभराने वडील परत आले, स्कूटरवर मागे त्याची आई. तिने फोटो जवळून पाहिला.

“साडी सांगून न्यायची होती, रे,” ती म्हणाली. “ब्लाउज सैल दिसून राहिला. टाके घालून दिले असते.”

वडील म्हणाले, “चलो, जेवाले उशीर नको करू.”

माझे काका आलेच नाहीत.

परीक्षेनंतर तो कपड्यांचे फोटो काढायच्या कामावर बंगळुरूला गेला. जाताना म्हणाला, “तुझा फोटो माझ्यापाशी आहे. वाटलं तं सांग.” पुढे सणावाराचे निरोप तेवढे येत राहिले.

गेल्या वर्षी मी आईला सगळे सांगितले. विजय नगरच्या घरात मी जिच्यासोबत राहते, ती भाडेकरू नाही, हेही सांगितले. आई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने विचारले, “तिला भाजी कोनती आवडते?”

त्या दुपारी मी इस्त्रीला फोन केला. मधे अकरा वर्षे गेली होती.

“तो सफारीतला आता लाव, कुठल्याही भिंतीवर,” मी म्हटले. “नावासकट.”

“अच्छा,” तो म्हणाला. “साइज केवढी ठेवू?”