कुडक

ज्या दिवशी ती घटना आठवली नाही, असे नोकरीत फार थोडे दिवस गेले. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी ती माझ्याबरोबर घरी आलीच. तसे पाहिले तर साधी कोंबडीचोरी. पार्टीत सांगितली की लोक पोट धरून हसतात. मात्र त्यात एक थप्पड आहे, ती मी दरवेळी गाळत आलो. आज गाळत नाही.

मी तेव्हा दिल्ली पोलिसांत नवा उपनिरीक्षक होतो. पश्चिमेकडे, छावणीच्या पलीकडे, सरसोंच्या शेतांत नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. जिकडे पाहावे तिकडे विटांचे ढीग, सिमेंटचे पाइप आणि 'फ्लॅट उपलब्ध'चे बोर्ड. आमची चौकी म्हणजे पत्र्याच्या छताच्या दोन खोल्या. तिथे एका सकाळी एक निवृत्त सुभेदार आले. मूळचे साताऱ्याकडचे. प्लॉट घेऊन घर बांधलेले, आणि परसात पत्नीच्या सहा कोंबड्या.

"साहेब, संध्याकाळच्या गिनतीत एक कमी," ते टेबलासमोर ताठ उभे राहून म्हणाले. "आज चौथा दिवस. त्याआधी दोन आठवडे जवळजवळ रोज एक अंडं कमी भरत होतं. म्हणजे चोर आधी अंडी नेत होता, आता कोंबडी नेली. फौजी माणसाच्या घरात चोरी! लिहून घ्या."

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांचा आवाज आणखी चढला. आपला माणूस म्हणून.

जागा पाहायला गेलो. जाळी शाबूत, दाराला कडी; दिवसा मात्र कोंबड्या मोकळ्या सुटत. सुभेदारांच्या पत्नी, त्यांना मी लगेच काकू म्हणू लागलो, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांचं काय ऐकता साहेब? ती काळी खुडूक झालीय. शोधून दमले मी, पण एवढ्या विटा-पायपांत कुठे दिसणार? थोडे दिवस थांबा, आपोआप बाहेर येईल."

इथे मला माझी लाज सांगावी लागते. माझा जन्म दिल्लीचा. वडील केंद्र सरकारात कारकून, शाळा हिंदी, घरात मराठी. पण ती जेवणखाण आणि रागावण्यापुरती. 'खुडूक' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आई मेथी खुडायची, तेवढे माहीत. त्यावरून मी अर्थ लावला की कुणीतरी कोंबडीची मान खुडली. आणि 'बाहेर येईल' म्हणजे गुन्हा बाहेर येईल. काकूंना विचारले असते तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण वर्दीतल्या मराठी माणसाने मराठी शब्दाचा अर्थ विचारायचा? मी समजल्यासारखी मान डोलावली.

"आणतोच बाहेर, काकू," मी म्हणालो.

"अहो, घाई नका करू," त्या म्हणाल्या. मला वाटले, बाईमाणूस, मन हळवे.

परतताना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने खबर दिली. शेजारच्या साइटवरच्या चौकीदाराच्या खोलीमागे, पाइपांजवळ, काळे पंख पडलेत. आणि चौकीदार रोज संध्याकाळी मूठभर दाणे घेऊन तिकडे जातो. पंख मी स्वतः उचलले. बारीक, मऊ, पोटाकडचे. मला तेवढे पुरले.

चौकीदार बदायूंकडचा, पन्नाशीचा. त्याला चौकीवर आणून भिंतीशी बसवले. आमचा अनुभवी हवालदार त्या दिवशी समन्स घेऊन कोर्टात गेला होता. उरलो मी आणि दोन तरुण शिपाई.

"मुर्गी कहाँ है?"

"साब, चुराई नहीं. कुड़क हो गई है."

तिकडच्या पोलिसी भाषेत कोर्टाच्या हुकमाने माल जप्त होतो, त्याला कुडकी म्हणतात; 'कुड़क हो गई' म्हणजे जप्त झाली. शिपाई फिसकन हसले. मीही रंगात आलो. "अच्छा? किसके हुक्म से कुड़क हुई?"

तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. "हुक्म किसका, साब? अपने आप हो जाती है."

शिपाई आता खो खो हसत होते. मला वाटले, हा माणूस माझी, माझ्या खुर्चीची टिंगल करतो आहे. मी उठलो आणि त्याच्या कानाखाली मारली. जोरात. त्याच्या डोक्यावरचा गमछा खाली पडला, तो त्याने उचलून मांडीवर घडी करून ठेवला. त्यानंतर तो कोंबडीबद्दल बोललाच नाही. एकच विनवणी करत राहिला: "साब, पाँच बजे ठेकेदार का मुंशी आता है. जगह खाली मिली तो कल दूसरा आदमी बैठेगा. कोठरी भी जाएगी. घरवाली बीमार है."

आरोपी असेच बोलतात, असे मला शिकवले होते. मी अटकेचा कागद लिहायला घेतला. नाव, बापाचे नाव, गाव. खाली सही तेवढी राहिली होती.

दुपारी हवालदार परतला. रोहतककडचा जाट, शेतीवाडीत वाढलेला. पाणी पिता पिता त्याने शिपायांकडून सगळी गंमत ऐकली. तो हसला नाही.

"जनाब, इसने कुड़क बोला?"

"हाँ. मज़ाक कर रहा है."

"मज़ाक नहीं है, जनाब. कुड़क मुर्गी माने जो अंडों पे बैठ गई. अपने पेट के पंख नोच के घोंसला बनावै है. इक्कीस दिन हिलती नहीं."

मी टेबलावरच्या पंखांकडे पाहिले. पोटाकडचे पंख. कुडक. खुडूक. काकूंनी सकाळी मराठीत जे सांगितले, तेच हा माणूस हिंदीत सांगत होता. एकीपुढे मी मान डोलावली, दुसऱ्याला थप्पड मारली.

चौकीदाराला जीपमध्ये माझ्या शेजारी बसवले आणि वाटेत काकूंना घेतले. त्याने आम्हाला सर्वांत मोठ्या पाइपाच्या मागे नेले. कुत्री येऊ नयेत म्हणून विटा रचलेल्या, शेजारी फुटक्या मगात पाणी. आत काळी कोंबडी अंग फुगवून बसली होती. हात पुढे करताच तिने मला चोच मारली.

"बसली गं बाई माझी!" काकूंनी तिच्या पोटाखाली सराईत हात घातला. "अकरा आहेत."

"मजदूरों को पता चलता तो आमलेट बन जाता," चौकीदार खाली पाहत म्हणाला. "सोचा था, बच्चे निकलें तो पूछूँगा किसकी है."

खरेच विचारले असते? कदाचित दोन-चार पिल्ले त्याने ठेवून घेतली असती. काकूंनाही तसे वाटले असावे, पण त्या म्हणाल्या, "आता उठवायची नाही. इथेच राहू दे. भैया, तुम ही देखो."

पाचच्या ठोक्याला मुंशी स्कूटरवरून उतरला. जीप पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "क्या किया इसने?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "मुर्गी ढूँढने में पुलिस की मदद की."

चौकीदाराने एवढा मोठा श्वास सोडला की मलाही मोकळे वाटले. चौकीवर येऊन तो कागद मी फाडला. सही झाली असती तर? पण रोजनामच्यात मी लिहिले, 'तलाशीत कोंबडी मिळाली.' थप्पड लिहिली नाही. सुभेदारांनी पाठ थोपटली: "शाबास! आपला माणूस तो आपला माणूस."

अकरांतून नऊ पिल्ले निघाली. त्या दिवशी काकूंचा निरोप आला. मी साध्या कपड्यांत गेलो. काकूंनी चौकीदाराला दोन पिल्ले दिली होती, ती गमछ्यात चिवचिवत होती. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "उस दिन गलती हो गई."

तो म्हणाला, "थप्पड़ तो मुझे लगा, साब. उस वक़्त मुर्गी उठा देते तो ये नौ कहाँ से आते?"

त्याने मला सोडवले. मी मात्र काकूंना काही सांगितले नाही, ना थप्पड, ना तो शब्द. पुढे वर्षानुवर्षे त्यांच्याकडची अंडी खात राहिलो.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो. सुभेदार आता नाहीत. अंगणात उन्हाला बसून मी सगळे सांगून टाकले.

"मला तेव्हाच शंका आली होती," काकू म्हणाल्या. "कळलं असतं तर तुम्ही पहिलं विचारलं असतंत, किती अंड्यांवर बसलीय. नुसती मान डोलावलीत. पण साहेबाला कसं विचारायचं, मराठी कळतं का म्हणून? तुम्ही भिडेनं गप्प, मी भिडेनं गप्प. आणि मार खाल्ला त्या बिचाऱ्यानं."

एवढ्या वर्षांत या प्रकरणाचा इतका नेमका तपास मीसुद्धा केला नव्हता. मला रडू आले आणि हलकेही वाटले. चौकशीला बसलेला माणूस काय बोलतो ते आपल्याला समजते आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. त्या दिवसानंतर मी ते पाळले, पण का पाळतो हे कुणाला सांगितले नव्हते.

"मग आता तरी विचारा," काकू म्हणाल्या.

"काकू, कोंबडी खुडूक झाली हे ओळखायचं कसं?"

त्या ऊन उतरेपर्यंत बोलत होत्या. मध्येच म्हणाल्या, "खुराड्यातून हुसकली तरी परत डालीखाली जाऊन बसते."

माझी मान हलणार होती. मी ती थांबवली.

"डाल म्हणजे काय, काकू?"